उलट्या तारांची गिटार

गोपाळ पोतनीस हा नाकासमोर चालणारा माणूस. उज्जैनच्या जलसंसाधन खात्यात मानचित्रकार म्हणून लागला आणि कालव्यांचे, बांधांचे नकाशे काढता काढता अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला. आता नकाशे कॉम्प्युटरवर निघत, पण साहेबांना एखादी पाटी नीट लिहून हवी असली की अजूनही गोपाळलाच बोलावणं येई. त्याचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. मराठी मंडळाच्या फळ्यावर कार्यक्रमाची सूचनाही वीस वर्षं तोच लिहीत आला होता. यापलीकडे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं, आणि त्याची त्यालाही खंत नव्हती.

ऑफिस फ्रीगंजमध्ये, टावर चौकापासून दोन गल्ल्या आत. समोरच्या औषधांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, वर्षभरापूर्वी गिटारचा क्लास उघडला होता. संध्याकाळी साडेपाचला गोपाळ स्कूटर काढायला खाली यायचा तेव्हा वरून मुलांची खडखड ऐकू यायची. तिच्याकडे त्याने कधी लक्ष दिलं नाही. पण अधूनमधून शिकवणारा स्वतः वाजवायचा, आणि त्यात एखादा सूर असा यायचा की तो संपायचाच नाही. ऑटोचे भोंगे, टिक्कीवाल्याच्या तव्याची खणखण, या सगळ्याच्या वरून तो ओढला जायचा, जरासा वाकायचा, आणि मग कुठेतरी विरून जायचा. गोपाळ किल्ली लावून तसाच उभा राहायचा. सहा महिने असं उभं राहिल्यावर एका मंगळवारी त्याने स्कूटरची किल्ली खिशात टाकली आणि जिना चढला.

"बोलिए अंकल, बच्चे का एडमिशन?" आतल्या तरुणाने विचारलं.

"नहीं. मेरा."

तरुणाचं नाव विक्रांत चौहान. वय एकोणतीस. लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवायचा, उरलेले दिवस शिकवायचा. तो हसला नाही, म्हणून गोपाळ तिथे टिकला. विक्रांतने आधी साधी लाकडी गिटार दाखवली, तर गोपाळ म्हणाला, "वो नहीं. वो जो खिंचता है, वो वाला."

"इलेक्ट्रिक? अच्छा है सर, तार भी नरम होते हैं." अंकलचे सर झाले.

विक्रांतने भिंतीवरची लाल गिटार काढून त्याच्या मांडीवर दिली. गोपाळने ती घेतली, तिची मान उजव्या हातात धरली आणि डावा हात तारांवर ठेवला. विक्रांतने ती फिरवून उलट बाजूला करून दिली. पुढच्या वेळीही हेच झालं. तिसऱ्या वेळी गोपाळ स्वतःच ओशाळला आणि म्हणाला, "ध्यान नहीं रहता."

घरी नानाखेड्याला ही बातमी सांगितली तेव्हा प्राजक्ता पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवून नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"तब्येत बरी आहे ना?"

"बिलकुल."

"मग हार्मोनियम तरी घ्यायची. मंडळात भजनाला उपयोगी पडली असती." पण नंतर तिनेच विचारलं, "बोटं दुखतात का हो फार?" आणि वाटीत कोमट तेल आणून ठेवलं.

माईंनी, म्हणजे गोपाळच्या आईने, फक्त एवढंच विचारलं की वाजवताना उभं राहावं लागतं की बसता येतं. बसता येतं म्हटल्यावर त्यांनी विषय सोडला.

तीन आठवडे गेले. आश्चर्य म्हणजे डाव्या हाताची बोटं चौथ्या दिवसापासून तारांवर आपापल्या जागी बसायला लागली. इतर लोक जिथे अडतात तिथे गोपाळ अडला नाही. अडला तो उजव्या हाताशी. पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, धरून वरून खाली, खालून वर, एवढंच तर करायचं होतं. पण तो हात पंचवीस वर्षं केसाएवढ्या बारीक रेघा ओढत आलेला. प्रत्येक फटका तो रेघेसारखा ओढायचा, जपून, मोजून. विक्रांत मोबाइलवर टिकटिक लावून द्यायचा आणि गोपाळचा हात प्रत्येक टिकटिकीनंतर क्षणभराने पोचायचा, बस सुटल्यावर स्टँडवर येणाऱ्या माणसासारखा.

"सर, सोचो मत," विक्रांत म्हणायचा.

"सोच नहीं रहा. हाथ सोच रहा है."

चौथ्या आठवड्यात एक दिवस विक्रांत त्याला एक चाल वाजवून दाखवत होता. वाजवता वाजवता त्याची नजर गोपाळच्या गुडघ्यावर गेली. तिथे गोपाळचा डावा हात ठेका धरत होता. नुसता ठेका नव्हे. मधली रिकामी जागा सोडून, पुढच्या मात्रेला हलकेच उचल घेऊन, अगदी जसा हवा तसा. आणि गोपाळचं तिकडे लक्षच नव्हतं.

विक्रांत थांबला. त्याने लाल गिटार उचलली, उलटी केली आणि पहिल्या दिवशी गोपाळने धरली होती तशी त्याच्या मांडीवर ठेवली. पिक डाव्या हातात दिला.

"तार मत दबाओ. बस ऊपर-नीचे."

टिकटिक सुरू झाली. तारा उलट्या होत्या, सूर काहीच्या बाहीच येत होता, पण हात बरोबर टिकटिकीवर पडत होता. खाली, खाली, वर. खाली, खाली, वर. मनगट सैल, खांदा सैल. गोपाळ स्वतःच्या हाताकडे असा पाहत राहिला, जणू शेजारच्या माणसाचा हात आहे.

"सर, आप तो लेफ्टी हो."

"मैं सब काम सीधे हाथ से करता हूँ. लिखना, खाना, सब."

"करते होंगे," विक्रांत म्हणाला. "पर हो लेफ्टी." मग त्याने सरळपणे सांगितलं की बरेच डावखुरे उजव्या बाजूनेच शिकतात आणि छान वाजवतात, तुम्हीही शिकाल, फक्त वेळ लागेल. नाहीतर मी एका जुन्या गिटारीच्या तारा उलट्या चढवून देतो, पण मग तुम्हाला पहिल्यापासून सुरू करावं लागेल. "घर जाके सोच लो."

घरी माई मटार सोलत बसल्या होत्या. गोपाळ त्यांच्याशेजारी पाटावर बसला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "माई, मी लहानपणी डावखुरा होतो का गं?"

"होतास की," माई म्हणाल्या. शेंगेवरची नजरही हलली नाही. "पार डावखुरा. जेवायचास डाव्याने, देवाला फूल वाहायचास डाव्याने. मोडली सवय."

"कोणी?"

"जयूने. भय्यासाहेबांनी सांगितलं आणि तिने मोडली. फार गुणाची पोर. एका सुट्टीत काम केलंन." भय्यासाहेब म्हणजे गोपाळचे वडील. ट्रेझरीत होते, जाऊन बारा वर्षं झाली. "तेव्हा सगळेच मोडायचे. डाव्या हाताचा मुलगा पंगतीत कसा बसवणार? का रे, काय झालं?"

"काही नाही."

मटाराचे दाणे परातीत पडत राहिले. गोपाळने आठवायचा प्रयत्न केला आणि त्याला काहीच आठवलं नाही. चाफा आठवला, घराचं निळं दार आठवलं, भय्यासाहेबांच्या कोटाचा डांबरगोळ्यांचा वास आठवला. हात आठवला नाही.

पुढचे काही दिवस तो स्वतःवर पाळत ठेवल्यासारखा वागत होता. कुलूप डाव्याने उघडतो. बादली डाव्याने उचलतो. स्कूटर पुसतो डाव्याने. प्राजक्ताला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? मला तर लग्नापासून माहीत आहे. डब्याचं झाकण घट्ट बसलं की तुम्ही हात बदलता." एवढी मोठी गोष्ट ती इतक्या सहज म्हणाली की गोपाळला हसू आलं.

एका दुपारी ऑफिसात कोणी नव्हतं. त्याने रद्दी कागद ओढला, पेन डाव्या हातात घेतलं आणि स्वतःचं नाव लिहिलं. उभी रेघ तिरकी झाली, ग चा काना भलत्या ठिकाणी गेला, ळ तर उताणाच पडला. पाच वर्षांच्या मुलाचं अक्षर होतं ते. हा हात पाच वर्षांचा होता तिथेच थांबला होता, पुढे कुणी त्याला मोठं केलं नव्हतं. गोपाळने कागद फाडला नाही. घडी करून खिशात ठेवला.

त्या संध्याकाळी त्याने इंदूरला जयूताईला फोन लावला. जयू त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, प्राथमिक शाळेत शिक्षिका. दर रविवारी फोनवर दोघांची गोष्ट व्हायचीच, माईंचं औषध, भाच्याची नोकरी, हेच विषय. गोपाळने गिटारचं सांगितलं, ती खळखळून हसली. मग तो म्हणाला, "आणि गंमत ऐक. तो पोरगा म्हणतो मी डावखुरा आहे. माई म्हणते माझी सवय तू मोडलीस. खरं का ते?"

पलीकडे एक भांडं खणकन वाजलं.

"ताई?"

"दूध ओतू जातंय रे," जयू म्हणाली. "नंतर करते." आणि फोन बंद झाला.

त्या रविवारी तिचा फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. गोपाळने केला तर दोनदा भावजींनी उचलला आणि ती बाहेर गेली आहे म्हणून सांगितलं. तिसऱ्या शनिवारी सकाळी अचानक तिचाच फोन आला. "मी बसमध्ये बसलेय. अकरापर्यंत पोचते. घ्यायला ये. एकटाच ये."

नानाखेड्याच्या स्टँडवर ती उतरली तेव्हा तिच्या हातात पर्सशिवाय काही नव्हतं. एरवी माईंसाठी दोन-तीन पिशव्या असायच्या. गोपाळ स्कूटर काढायला निघाला तर म्हणाली, "घरी नको आत्ता. माईसमोर मला बोलता यायचं नाही." स्टँडबाहेरच्या चहाच्या टपरीमागे एक बाक होता. तिथे दोघं बसली. चहा आला. जयूने ग्लास हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"गोपू, तुला खरंच काही आठवत नाही?"

"काहीच नाही."

"मला सगळं आठवतं." ती रस्त्याकडे बघत बोलत होती. "मी बारा वर्षांची होते. शाळा लांब होती आणि बाकीच्या मुली सायकलवर यायच्या. मी भय्यासाहेबांच्या मागे लागले होते. ते म्हणाले, जुलैत गोपाळला शाळेत घालायचंय. तोवर त्याचा हात सुधारून दाखव, मग सायकल. मारायला नव्हतं सांगितलं हं. आणि मी मारलंही नाही तुला. मी माझी रिबीन काढली."

"रिबीन?"

"लाल. शाळेची. तुझा डावा हात खाटेच्या दांड्याला बांधायचे आणि उजव्यात पाटीवरची पेन्सिल द्यायचे. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. पहिले दोन दिवस खूप रडलास. माई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मग तू रडणं बंद केलंस. मला वाटलं, चला, जमलं." तिने चहाचा एक घोट घेतला. "पंधरा दिवस झाले असतील. एका सकाळी मी झोपले होते. डोळे उघडले तर तू उशाशी उभा. हातात रिबीन. तूच शोधून आणलेलीस. आणि डावा हात असा पुढे केलेला, बांध म्हणून."

टपरीवाल्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारली, देवासची बस मागे घेताना कंडक्टर पत्र्यावर थापा मारत होता.

"भय्यासाहेबांनी ते पाहिलं. म्हणाले, झालं काम. दुसऱ्या आठवड्यात सायकल आली. हिरवी. आणि मी ती चालवली, गोपू. खोटं का सांगू? खूप चालवली. खूप आवडायची मला ती."

"ताई, तू बारा वर्षांची होतीस."

"हे मला सांगू नको. चाळीस वर्षं मी तेच सांगतेय स्वतःला." ती आता त्याच्याकडे वळली. "माझ्या वर्गात पालक येतात, म्हणतात, मॅडम, याचा हात सुधारा. त्यांना मी काय काय सुनावते! एकदा तर एका बाईला रडवलं मी. आणि माझ्या भावाला एकदा सांगायचं धाडस झालं नाही मला. तुला आठवत असेल आणि तू बोलत नसशील, असं वाटायचं. तू फोनवर हसून विचारलंस ना, तेव्हा कळलं की तुला माहीतच नाही. ते जास्त वाईट वाटलं."

तिला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोललं पाहिजे असं गोपाळला वाटलं. पण ती ज्या मुलाबद्दल सांगत होती तो त्याला परका वाटत होता. शेजारच्या घरातल्या एखाद्या मुलाची हकीकत ऐकावी तसं. दया येत होती, पण लांबून. तो म्हणाला, "जाऊ दे गं. त्यामुळे तर माझं अक्षर एवढं सुंदर झालं."

हे ऐकून जयूला रडू फुटलं. गोपाळला कळेना आपण काय चुकीचं बोललो. त्याने खिशातून रुमाल काढला आणि तिच्यापुढे धरला. टपरीवाल्याने न विचारता आणखी दोन चहा आणून ठेवले.

मग दोघं घरी गेली. माईंनी लेक आली म्हणून प्राजक्ताला शिरा करायला लावला. जेवताना कोणीच काही काढलं नाही. दुपारी चारच्या बसने जयू परत गेली. बसमध्ये चढताना तिने विचारलं, "मग कोणत्या हाताने शिकणार आहेस?"

"ठरवलं नाही अजून," गोपाळ म्हणाला, आणि ते खरं होतं.

रविवारभर त्याने विचार केला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आता हात बदलून काय मिळवायचं, हा एक प्रश्न. आतापर्यंतची सगळी मेहनत वाया, डाव्या बोटांना पडलेले घट्टे वाया, हा दुसरा. पण टिकटिकीवर बरोबर पडलेला तो हात त्याला राहून राहून आठवत होता. शहाणपणाचं काय ते त्याला ठरवता आलं नाही. हवंसं काय, ते मात्र माहीत होतं. सोमवारी संध्याकाळी तो विक्रांतला म्हणाला, "तार उलटे कर दो."

विक्रांतने एक जुनी काळी गिटार काढली, सगळ्या तारा उतरवल्या, मानेच्या टोकाची खाचांची पट्टी बदलली आणि जाड तारेच्या जागी बारीक, बारीकच्या जागी जाड अशा सगळ्या उलट्या चढवल्या. "इसको घर ले जाओ सर. मेरे पास तो पड़ी ही थी." त्यासोबत एक छोटा स्पीकरही दिला, डब्याएवढा.

उजव्या माणसासाठी घडवलेली ती गिटार डाव्या माणसाकडे आली म्हणजे तिची सगळी बटणं वरच्या अंगाला आली, नेमकी कोपराखाली. गोपाळ रंगात यायला लागला की त्याच्याच कोपराने आवाजाचं बटण फिरायचं आणि गिटार हळूहळू मुकी व्हायची. पहिल्या वेळी त्याला वाटलं वीज गेली. शेवटी प्राजक्ताने बटणावर चिकटपट्टी लावून ते जागच्या जागी बांधून टाकलं.

आता तारा दाबायचं काम उजव्या हाताकडे आलं. बोटं पुन्हा नव्याने सोलून निघाली. पण हळूहळू गोपाळच्या लक्षात एक गोष्ट आली. जो उजवा हात ठेका धरताना इतका अवघडायचा, तोच इथे खूश होता. बोट अमुकच तारेवर, पट्टीच्या अमुकच अंगाला, ना जास्त ना कमी, असं नेमकं ठेवायचं काम त्याने जन्मभर केलेलं. आणि मोकळेपणाने हलायचं काम डाव्याने घेतलं. दोघांची कामं आतापर्यंत उलटीपालटी वाटली गेली होती एवढंच. विक्रांतला हे सांगितलं तर तो म्हणाला, "देखा? मैंने कहा था, सोचो मत." मग थोडा विचार करून म्हणाला, "वैसे ये आपने अच्छा सोचा."

माई सुरुवातीला दार लावून घ्यायच्या. मग दार उघडं राहायला लागलं. एक दिवस म्हणाल्या, "सूर बरा आहे. हात तेवढा डावा." गोपाळ त्यांच्याकडे बघत राहिला. त्या जपमाळ घेऊन बसल्या होत्या, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आपण विचारावं, तेव्हा तू बाहेर का आली नाहीस, असं त्याच्या मनात आलं. पण एकोणऐंशी वर्षांच्या बाईला काय विचारायचं आणि तिने तरी काय सांगायचं! त्याने नाही विचारलं.

रविवारचे फोन पुन्हा सुरू झाले होते. दोघंही जपून बोलायची. औषध, भाचा, ऊन किती वाढलं. स्टँडवरच्या बाकाचं नाव कोणी काढत नव्हतं.

चैत्र संपून वैशाख लागला. एका रविवारी सकाळी प्राजक्ता माईंना घेऊन हरसिद्धीच्या देवळात गेली होती. गोपाळ हॉलमध्ये एकटाच वाजवत बसला होता. विक्रांतने चार कॉर्ड एकापाठोपाठ एक घ्यायला दिले होते, न थांबता आठ वेळा. दोन आठवडे गोपाळ तिसऱ्या कॉर्डवर अडखळत होता. त्या दिवशी पहिल्या फेरीत अडखळला, दुसऱ्या फेरीत अडखळला, आणि तिसऱ्या फेरीत नाही अडखळला. चौथ्यातही नाही. पाचव्या फेरीपासून त्याला हात दिसेनासे झाले. बोटं बदलत होती, मनगट पडत होतं, पंख्याखाली कॅलेंडर फडफडत होतं आणि सगळं एका चालीने चाललं होतं. आठ फेऱ्या होऊन गेल्या तरी तो थांबला नाही. थांबला तेव्हा एकटाच मोठ्याने हसला.

आणि त्या हसण्याच्या पाठोपाठच राग आला.

असा राग त्याला आयुष्यात आला नव्हता. छातीतून वर चढला आणि कानशिलं तापली. हे होतं इथे. हे सगळं या हातात होतं, पहिल्यापासून. खाटेच्या दांड्याला बांधलेला मुलगा आता परका राहिला नाही. त्याच्या मनगटावर रिबिनीचा काच गोपाळला जाणवला. आठवला नाही, आठवणार कधीच नव्हता, पण जाणवला. गिटार मांडीवर तशीच ठेवून त्याने फोन उचलला.

"ताई, आज मला राग आला."

"माझ्यावर?" जयूने विचारलं.

"थोडा तुझ्यावर. भय्यासाहेबांवर जास्त. माईवर, ती बाहेर आली नाही त्याचा." त्याचा आवाज चढला होता, त्याचं त्यालाच ऐकू येत होतं. "आणि सगळ्यात जास्त त्या मुलावर. काय गरज होती स्वतः उठून रिबीन आणून द्यायची? थोडं तरी भांडायचं ना! पळून जायचं, चावायचं, काहीतरी!"

"पाच वर्षांचा होता रे तो."

"आणि तू बारा वर्षांची."

मग गोपाळ बोलत सुटला. नोकरीत साहेबांनी जे दिलं ते घेतलं, जिथे बसवलं तिथे बसलो, कुठेच कधी नाही म्हटलं नाही, ते सगळं त्या सकाळी सुरू झालं असेल का, की मी असाच आहे, कोण जाणे. जयूने एकदाही मध्ये तोडलं नाही, समजूत घातली नाही. फक्त हं, हं, म्हणत राहिली. बोलून बोलून त्याचा घसा कोरडा पडला तेव्हा ती म्हणाली, "बरं केलंस मला फोन केलास. दुसऱ्या कोणाला करायचा नाही हा."

"दुसरं आहे कोण?"

"ते पण खरं."

गोपाळ उठून पाणी प्यायला. परत येऊन फोन कानाला लावला तर ती होतीच.

"राग आला कशाने पण?" तिने विचारलं. "काय करत होतास?"

"वाजवत होतो. चार कॉर्ड. आज पहिल्यांदा जमले."

"म्हणजे चांगलं झालं तर राग आला."

"हो. विचित्र आहे ना?"

"नाही," जयू म्हणाली. "ऐकव."

त्याने फोन स्टुलावर उताणा ठेवला, स्पीकर त्याच्या दिशेने वळवला आणि वाजवायला लागला. पहिल्याच फेरीत तिसऱ्या कॉर्डला तार खरखरली. तो थांबला नाही. दुसरी फेरी बरी गेली, तिसरी नीट गेली. आठ झाल्या तेव्हा त्याने तळवा तारांवर टेकवला आणि आवाज बंद केला.

"कुठलं गाणं रे हे?" फोनमधून आवाज आला.

"गाणं नाही. गाण्यापर्यंत अजून पोचलो नाही मी."

"मग परत वाजव," जयू म्हणाली. "आज मला कुठली बस पकडायची नाहीये."